पाय कोणीकडे वळतात



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी शिकलो ते त्यांच्या नोकरीच्या अगदी अखेरच्या वर्षांत. वर्गात नवा मुलगा आला की गुरुजी त्याचं नाव नंतर विचारत. आधी विचारत, ‘कुठून आलास? कसा आलास?’ पायी आला, बैलगाडीनं आला की नाला पोहून आला, हे त्यांना कळायला हवं असे. मुलाची हुशारी जोखण्याआधी त्याची वाट जोखावी, अशी त्यांची पद्धत होती. मी पुढे अर्थशास्त्र शिकलो, जगातल्या देशांचे तक्ते वाचले, पण राहणीमान मोजण्याचा इतका नेमका प्रश्न मला त्या तक्त्यांत कुठे सापडला नाही.

मला विषय दिला आहे दोन देशांमधल्या जीवनमानाच्या तुलनेचा. भारत आणि अमेरिका, भारत आणि जपान अशी तुलना अनेकांना अपेक्षित असेल. बाहेरच्या जगाबद्दलही मी थोडं बोलेन. पण दोन देशांची तुलना करायला कोरपन्याच्या माणसाला विमानात बसावं लागत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीनं ती नावेत बसून केलेली आहे.

आज १७ सप्टेंबर. हा आपला मुक्तिदिन. १५ ऑगस्ट १९४७ ला चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, तिरंगा चढला. वर्धा नदीच्या या बाजूला, राजुरा तालुक्यात, तो चढला नाही. राजुरा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि आजचा कोरपना तालुका राजुऱ्यातच होता. उत्तरेला पैनगंगा, तिच्या पल्याड वणी म्हणजे वऱ्हाड. पूर्वेला वर्धा, तिच्या पल्याड चांदा. दोन्हीकडे इंग्रजी हद्द, आणि ऑगस्ट १९४७ नंतर दोन्हीकडे स्वतंत्र भारत. मधल्या पाचरीत आपण मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, राहिलो. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. म्हणजे १३ महिने आपल्या या दोन नद्या खरोखरच्या अर्थानं देशाच्या सीमा होत्या.

माझ्या आजीचं माहेर वर्धेच्या पल्याड आणि सासर अल्याड. ती सांगायची, ‘माहेरी स्वराज्य आलं होतं, सासरी यायचं होतं.’ १९४७ च्या दिवाळीला ती माहेरी जायला निघाली तेव्हा घरच्यांनी तिला दोनदा अडवलं. त्या वर्षी रझाकारांची, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांची, भीती होती. पण त्याआधीसुद्धा, नेहमीच्या दिवसांतही, नदी ओलांडणं साधं नव्हतं. करोडगिरीचा नाका असायचा. निजामाचं जकात खातं म्हणजे करोडगिरी. गाठोडं उघडावं लागे. पैसेसुद्धा बदलावे लागत, कारण अल्याड निजामाचा हाली शिक्का आणि पल्याड इंग्रजांचा कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा ढोबळ भाव. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सातास सहा हा हिशेब तिला तोंडपाठ होता. माहेरहून परतताना भावानं ओटीत घातलेले सहा रुपये नदी ओलांडली की सात होतात, याचा तिला म्हातारपणीही आनंद वाटे.

मी तिला एकदा विचारलं होतं, ‘आजी, बरं कुठे होतं? अल्याड की पल्याड?’ तिनं एका शब्दात उत्तर दिलं नाही. ती म्हणाली, ‘दवाखाना तिकडे बरा. शाळा तिकडे. जंगलचा शिपाई इकडेही वाईट, तिकडेही वाईट. पाणी इकडचं गोड.’ मी तेव्हा लहान होतो, मला ते उत्तर अपुरं वाटलं. आज मला ते पूर्ण वाटतं. आयुष्याचा एकच आकडा होत नाही. एकेका गरजेला माणसाचे पाय कोणीकडे वळतात ते बघावं लागतं, आणि प्रत्येक गरजेला ते वेगळीकडे वळू शकतात.

त्या काळातल्या पायांचा माग काढला तर बरंच काही दिसतं. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. त्याला बंदी झाली, शेकडो मुलांना काढून टाकलं गेलं. ती मुलं कुठे गेली? नागपूरला. नागपूर विद्यापीठानं त्यांना प्रवेश दिला. त्यांच्यातला एक तरुण पुढे देशाचा पंतप्रधान झाला, पी. व्ही. नरसिंह राव. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद स्टेट काँग्रेसनं संस्थानाच्या सीमेलगत लढ्याच्या छावण्या उभारल्या. त्यांतली एक चांद्याला होती आणि त्या छावणीतही नरसिंह राव होते. एका बाजूला गाणं म्हटलं की शिक्षण बंद, दुसऱ्या बाजूला त्याच मुलाला पदवी. राहणीमानाच्या कुठल्या रकान्यात हे मांडायचं? अमर्त्य सेन यांनी विकास म्हणजेच स्वातंत्र्याचा विस्तार असं प्रतिपादन केलं ते फार पुढे, विसाव्या शतकाच्या अखेरीला. वर्धेच्या काठावरच्या लोकांना ते आधीच ठाऊक होतं.

आणि सरासरी किती फसवते, त्याचंही सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच संस्थानानं दिलं. २२ फेब्रुवारी १९३७ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर निजाम मीर उस्मान अली खान झळकला, जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. त्याचं राज्य गेल्यावर तिथे १९५१ ची जनगणना झाली तेव्हा शंभरात दहा माणसंही साक्षर नव्हती. देशाची सरासरी तेव्हा याच्या जवळजवळ दुप्पट होती, आणि तीही काही अभिमानानं सांगावी अशी नव्हती. दप्तर उर्दूत. ज्याच्या शेताची नोंद व्हायची त्याला ती वाचता येत नव्हती. कोरपन्याच्या गोंडाला वा कोलामाला जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाच्या राज्यात राहण्याचा काय उपयोग झाला?

तरी आजीचं अर्धं वाक्य मी गाळणार नाही. जंगलचा शिपाई दोन्हीकडे वाईट, असं ती म्हणाली ते खरं होतं. पल्याड मध्य प्रांतात मालगुजार होते, त्यांची मालगुजारी १९५१ साली कायद्यानं संपली. तोवर तिकडच्या कुळाचं जिणंही सोपं नव्हतं. आणि अल्याड, मोगलाईत, एक वेगळीच गोष्ट घडली. कोमरम भीम यांनी जमिनीसाठी आणि जंगलावरच्या हक्कासाठी गोंडांना उभं केलं. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी त्यांना ठार मारलं. त्यानंतर गोंड का पेटले हे समजून घेण्यासाठी सरकारनं एका ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला काम दिलं, ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना. त्यांनी मारलावाईला मुक्काम केला, १९४३ पासून गोंड शिक्षक तयार केले, गोंडीत शाळा सुरू करवली, गोंडांना जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून सरकारदरबारी खटपट केली. त्यांची आणि त्यांच्या पत्नीची, दोघांच्याही समाध्या आज मारलावाईतच आहेत. मुलाला त्याच्या घरच्या भाषेत पहिलं अक्षर शिकवणं ही गोष्ट त्या मागास संस्थानात, रक्त सांडल्यावर का होईना, झाली. आपल्या तालुक्यातल्या कोलामगुड्यांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, कोलामी बोलणाऱ्या लेकराला पहिलीत आजही मराठी पुस्तकच हाती मिळतं. ही तुलना मला बोचते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका आदिलाबादेतून निघाला, आधी नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. देशाची सीमा पुसली आणि तिच्या जागी राज्याची सीमा आली, पण ती सगळीकडे पुसली गेली नाही. आपल्या शेजारच्या जिवती तालुक्यात १४ गावं अशी आहेत ज्यांच्यावर महाराष्ट्राचाही हक्क आहे आणि तेलंगणाही हक्क सांगतं. मुकदमगुडा, परमडोली, अंतापूर, शंकरलोधी, महाराजगुडा ही त्यांतली काही नावं. तेलंगणाच्या कागदावर ही गावं केरामेरी मंडलात आहेत, आणि जोडेघाटही त्याच मंडलात. या गावांत घरोघरी दोन रेशन कार्डं आहेत, दोन मतदार ओळखपत्रं आहेत. गावाला सरपंच दोन आणि शाळाही दोन, एक मराठी, एक तेलुगू. वर्तमानपत्रं या गावांची बातमी गंमत म्हणून छापतात, दोन्ही हातांत लाडू म्हणून. मी तिथे जाऊन बसलो आहे. तिथले कित्येक जण १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून डोंगर चढून आले आणि माळ फोडून शेती करू लागले. त्यांची जुनी मागणी एकच आहे, कसत्या जमिनीच्या पट्ट्याची. दोन सरकारं धान्य देतात आणि ती जमीन तुझी आहे असं लेखी द्यायला मात्र वर्षानुवर्षं एकाचाही हात पुढे होत नाही. दोन रेशन कार्डांची बेरीज एका सातबाऱ्याएवढी होत नाही.

इथल्या चहाच्या टपऱ्यांवर रोज जी तुलना चालते ती पैशांची. तेलंगणात २०१८ मध्ये रयतू बंधू योजना आली, एकरी हंगामाला ४,००० रुपये, पुढे ५,०००. पाच एकरवाल्याला पहिल्याच वर्षी दोन हंगामांचे मिळून ४०,००० झाले. आपल्याकडे राज्याची नमो शेतकरी योजना आली २०२३ मध्ये, वर्षाला ६,०००, एकर कितीही असोत. तिकडे म्हाताऱ्या-निराधारांना २०१९ पासून महिन्याला २,०१६ रुपये, इकडे त्यानंतर चार वर्षांनी १,५०० झाले. मग इकडे लाडकी बहीण आली, १,५०० ची. तिकडे बाईला बसचा प्रवास फुकट झाला, इकडे एसटीत अर्धं तिकीट. टपरीवरचा माणूस हे सगळं बोटांवर मोजतो आणि म्हणतो, तेलंगणा बरा. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. २,०१६ हे १,५०० पेक्षा जास्तच आहेत, आणि ज्या म्हातारीला दुसरा आधार नाही तिला त्या फरकात महिन्याचं तेल-मीठ निघतं. पण त्याला मी एक गोष्ट सांगतो. रयतू बंधूचा पैसा जमिनीच्या मालकाला मिळाला, ठेक्यानं शेती करणाऱ्याला नाही. आणि कपाशीनं कर्जात बुडालेल्या माणसाचा गळफास आदिलाबादेतही दिसला आणि यवतमाळातही. सीमेच्या दोन्हीकडे काळी माती तीच, कपाशी तीच आणि बोंडअळीही तीच.

आता थोडं जगाकडे वळतो. १९९० पूर्वी देशांची तुलना म्हणजे दरडोई उत्पन्नाची तुलना होती. ती मोडली दोन मित्रांनी. एक पाकिस्तानचे महबूब उल हक, दुसरे आपले अमर्त्य सेन. दोघे केंब्रिजमध्ये एकत्र शिकले. त्यांचे देश एकमेकांशी लढत आले होते आणि ते दोघे जगाला एक सामाईक माप देत होते: माणूस किती जगतो, किती शिकतो आणि किती कमावतो. हाच मानव विकास निर्देशांक. २०२५ च्या अहवालात १९३ देशांत भारत १३० वा आहे. याच मापानं पाहिलं तर मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका हा लहानसा देश डोळ्यांत भरतो. त्यानं १९४८ मध्ये, म्हणजे आपण मुक्त झालो त्याच वर्षी, आपलं सैन्य बरखास्त केलं आणि पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळवला. आज तिथल्या माणसाचं उत्पन्न अमेरिकन माणसाच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी कमी आहे, पण आयुर्मानात तो अमेरिकनाच्या बरोबरीनं उभा आहे.

हेच माप महाराष्ट्रानं २००२ च्या आपल्या मानव विकास अहवालात जिल्ह्यांना लावलं, तेव्हा मुंबई सर्वांत वर आणि गडचिरोली सर्वांत खाली निघाली. एका राज्यातले हे दोन जिल्हे, पण अंतर दोन देशांचं. मी तो तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा मला लाज वाटली. नंतर राग आला, कारण त्याच गडचिरोलीत दुसरी एक गोष्ट चालू होती. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी आधी मोजलं. जन्मलेल्या हजार बाळांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत मरत होती. मग गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन कसं करायचं, त्याला ऊब कशी द्यायची, श्वास मोजून न्यूमोनिया कसा ओळखायचा, औषध केव्हा द्यायचं, हे त्या घरी जाऊन करू लागल्या. मृत्यूंचा तो आकडा पंधरा-एक वर्षांत ३० च्या आसपास आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते काम छापलं. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे हीच पद्धत आहे. राज्याच्या तक्त्यात तळाशी असलेल्या जिल्ह्यातल्या बायकांनी देशाला बाळ जगवायला शिकवलं. आणि भामरागडकडे, हेमलकशाला, बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात छत्तीसगडचे आणि तेलंगणाचेही रुग्ण येतात. तिथे पाय महाराष्ट्राकडे वळतात. वळावेत असं काही उभं केलं, तर ते वळतात.

आपल्या तालुक्याबद्दल मला कठोर बोलावं लागेल. आवारपूर, उपरवाही, गडचांदूर, नारंडा. इतक्या लहान तालुक्यात इतके सिमेंट कारखाने. देशातल्या कितीतरी पुलांत आणि इमारतींत आपला चुनखडक आहे. त्या सिमेंटची किंमत जिल्ह्याच्या उत्पन्नात मोजली जाते, ते उत्पन्न लोकसंख्येनं भागलं जातं आणि कागदावर आपण बरे दिसतो. पण ते इथे राहणाऱ्या माणसांचं उत्पन्न नव्हे. ते इथल्या जागेचं उत्पादन आहे. नफा जातो भागधारकांच्या गावी. आपल्याकडे राहते ठेकेदाराकडची रोजी, आणि कपाशीच्या पानावर, वाळत घातलेल्या धुण्यावर बसणारी राखाडी धूळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. ही धूळ दरडोई उत्पन्नातून वजा होत नाही. कारखाने नकोत असं मी म्हणत नाही, माझ्या घरातली माणसंही तिथे कामाला गेली. पण खाणीशेजारच्या गावातल्या मुलाचा दमा हिशेबात धरल्याशिवाय कुणी मला या तालुक्याची प्रगती सांगू नये.

आणि इतकं सिमेंट पिकवणाऱ्या भागात पुलाची काय गत आहे? जुलै २०२२ च्या पुरात राजुरा-बल्लारपूर मार्गावरचा वर्धेचा पूल पाण्याखाली गेला, वाहतूक ठप्प झाली. हे एकाच वर्षाचं नाही. अशाच एका पावसाळी रात्री, पुष्कळ वर्षांपूर्वी, माझ्या थोरल्या बहिणीला कळा सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी जायची वाट पाण्यानं अडली होती. जीप उलट्या दिशेला वळवली आणि आदिलाबादेकडे नेली. तिथल्या डॉक्टरीणबाई तेलुगूत बोलत होत्या, ताईला त्यातलं निम्मं कळत होतं. बाळ नीट झालं. भाचा आज तिशीचा आहे. माझी आजी चांद्याचा दवाखाना बरा म्हणायची, आणि तिच्या नातीला पाय नेमके उलटीकडे वळवावे लागले. देश एक झाला, राज्य मिळालं, जिल्हा मिळाला, आणि वाट मात्र पाण्याखाली गेली.

आणखी एक वाट सांगतो. दर हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यांतल्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. लेकरांना घेऊन जातात. त्या लेकरांची शाळा दोन-तीन महिने बुडते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा या बाया तिथे अडकल्या, आणि कित्येक जणी डोक्यावर मिरचीची पोती घेऊन पायी निघाल्या. मजुरी म्हणून मिरचीच मिळाली होती, ती टाकून कशी येणार? राज्याच्या सीमेवर त्यांना अडवलं गेलं. १९४७ च्या दिवाळीला आजीचं गाठोडं करोडगिरीच्या नाक्यावर उघडलं गेलं होतं. मधल्या ७२ वर्षांत नाक्याचं नाव बदललं होतं.

तुलना कशासाठी करायची, याचं माझं उत्तर मी लपवत नाही. तेलंगणा बरा की महाराष्ट्र, भारत बरा की कोस्टा रिका, हा पैजेचा विषय नाही. दुसरीकडे जे बरं आहे ते आपल्याकडे का नाही, हे नाव घेऊन विचारण्यासाठी तुलना करायची. २,०१६ रुपये तिकडे देता येतात तर इकडे का नाहीत? मारलावाईला ८० वर्षांपूर्वी गोंडीत शिकवता आलं तर कोलामगुड्यावर कोलामीत आज का नाही? गडचिरोलीच्या गावातली बाई बाळ वाचवू शकते तर आपल्या गुड्यावर ती का पोचत नाही?

म्हणून इथे बसलेल्या तरुणांना, ग्रामसभेच्या सदस्यांना आणि विशेषतः बचत गटातल्या बायांना माझी एक विनंती आहे. गावात एक वही घाला. या वर्षी गावातल्या प्रत्येक बाळंतपणाला बाई कुठे गेली आणि किती वेळात पोचली. दहावीनंतर प्रत्येक मुलगी कुठे गेली, की घरीच राहिली. मजुरीला कोण कुठल्या महिन्यात कुठे गेलं आणि सोबत किती लेकरं नेली. जमिनीच्या कागदासाठी कोणी किती फेऱ्या मारल्या. गुरुजींचा प्रश्न तेवढा लिहा, कुठे गेलात आणि कसे गेलात. पुढल्या १७ सप्टेंबरला ती वही घेऊन या. तहसीलदारांनाही बोलावू, आमदारांनाही बोलावू, आणि त्या दिवशी भाषण कोणाचंही ठेवू नका, नुसत्या वह्या वाचू.